कचरापेटी शोधण्याचा नकाशा: नदीकाठच्या एका सार्वजनिक पट्ट्याचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या शहरातील नदीकाठच्या सार्वजनिक पट्ट्याचे आहे. शहर, संस्था व व्यक्ती यांची नावे, तसेच ज्यांवरून ओळख पटू शकेल असे आकडे येथे गाळले आहेत. निर्णय कोणत्या क्रमाने झाले आणि त्यांमागे कोणती कारणे होती, एवढेच मांडले आहे.

पट्ट्याच्या एका टोकाला बसस्थानक आणि दुसऱ्या टोकाला क्रीडांगण आहे. मधल्या भागात बाग, मुलांची खेळण्याची जागा, काठाने जाणारी सलग पायवाट आणि नदी ओलांडणारे दोन पादचारी पूल आहेत. रोज ये-जा करणारे लोक, सुटीच्या दिवशी येणारी कुटुंबे आणि बाहेरून आलेले पाहुणे अशी तिन्ही प्रकारची वर्दळ येथे असते. कचरापेट्या पूर्वीपासून होत्या, परंतु त्या वेगवेगळ्या काळात तीन विभागांनी बसवलेल्या होत्या. बागेतल्या पेट्या उद्यान विभागाच्या, स्थानकाच्या परिसरातल्या वाहतूक विभागाच्या आणि रस्त्याकडेच्या मोठ्या पेट्या घनकचरा विभागाच्या. प्रत्येकीचा रंग वेगळा, तोंड वेगळे, रिकामी करण्याची वेळ वेगळी आणि ती रिकामी करणारा माणूसही वेगळा. तिन्ही विभागांच्या पेट्यांची एकत्रित यादी कोणाकडेही नव्हती.

अडचण

तक्रारी नेहमीच्याच होत्या: पायवाटेवर कागदी पेले व वेष्टने पडलेली असतात, बाकांखाली बाटल्या सापडतात, काही पेट्या दुपारपर्यंत ओसंडतात तर काहींचा तळही झाकला जात नाही. प्रशासनाची पहिली प्रतिक्रिया पेट्या वाढवण्याची होती. त्याला घनकचरा विभागानेच हरकत घेतली, कारण प्रत्येक नवी पेटी म्हणजे रोजच्या फेरीतला एक नवा थांबा, आणि फेऱ्यांसाठी माणसे वाढणार नव्हती. हरकत रास्त होती. पेटी बसवण्याचा खर्च एकदाच होतो, ती रिकामी करण्याचा खर्च मात्र रोजचा असतो, आणि मागणी करताना हा दुसरा खर्च सहसा कोणी मोजत नाही.

याच सुमारास एका पुरवठादाराकडून ‘स्मार्ट’ पेट्या, त्यांत संवेदक आणि नागरिकांसाठी मोबाइल ॲप असा एकत्रित प्रस्ताव आला. त्यावर निर्णय घेण्यापूर्वी तिन्ही विभागांचा एक छोटा गट नेमण्यात आला. या गटाने पहिले चांगले काम केले ते अडचणीची फोड करण्याचे. ‘लोकांना पेटी सापडत नाही’ या एका वाक्यात तीन निराळ्या गोष्टी दडलेल्या होत्या. काही ठिकाणी पेटी खरोखरच नव्हती. काही ठिकाणी ती होती, पण झुडपामागे, बाकाच्या पाठीशी किंवा पुलाच्या पायऱ्यांच्या आडोशाला असल्याने दिसत नव्हती. आणि काही ठिकाणी ती डोळ्यांसमोर असूनही भरलेली असल्याने निरुपयोगी होती. शोधून देणारे तंत्रज्ञान थेट उपयोगी पडते ते फक्त दुसऱ्या प्रकारात; तिसऱ्यात त्याची काही अंशी मदत होते आणि पहिल्यात ते फार तर उणीव कोठे आहे ते दाखवू शकते.

अपेक्षा किती ठेवावी, याविषयी गटासमोर एक जुने निरीक्षणही होते. अमेरिकेत १३० सार्वजनिक ठिकाणी ९,७५७ व्यक्तींच्या वागण्याची नोंद करणारा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात कचऱ्याच्या एकूण विल्हेवाटीपैकी सुमारे १७ टक्के वेळा कचरा उघड्यावर पडल्याचे आढळले. पेटीचे अंतर हा त्यातील महत्त्वाचा घटक होता. तरीही वागण्यातील फरकापैकी १५ टक्के भागाचाच संबंध जागेच्या परिस्थितीशी लागला आणि उरलेला भाग व्यक्तीगणिक बदलणाऱ्या गोष्टींकडे गेला. म्हणजे पेटी जवळ आणली, ठळक केली, तरी सगळेच बदलतील असे नाही. परंतु व्यक्तीचा स्वभाव नागरी संस्थेच्या हातात नसतो आणि जागा असते, म्हणून त्या लहान भागावर लक्ष देणे गटाला योग्य वाटले.

विचारात घेतलेले पर्याय

पेट्या वाढवण्याचा पर्याय वर सांगितलेल्या कारणामुळे मागे पडला. त्याच्या अगदी उलट, पेट्या काढून टाकाव्यात आणि लोकांनी कचरा सोबत न्यावा, असेही एका सदस्याने सुचवले. १९९५ मध्ये तोक्यो येथील भुयारी रेल्वेत सारिन वायूचा हल्ला झाल्यानंतर जपानमधील अनेक स्थानकांवरून व सार्वजनिक जागांवरून पेट्या हटवल्या गेल्या आणि तेथे कचरा घरी नेण्याची सवय टिकून आहे, हे उदाहरण पुढे आले. मात्र तेथील सवय केवळ पेट्या हटवल्याने घडलेली नाही, आणि बसस्थानकालगतच्या पट्ट्यात असा प्रयोग करण्याची जोखीम कोणी घ्यायला तयार नव्हते. या पर्यायावर फार वेळ गेला नाही.

तिसरा पर्याय तंत्रज्ञानाविना होता: जमिनीवर पावलांच्या खुणा रंगवून त्या पेटीपर्यंत नेणे. कोपनहेगनमध्ये संशोधकांनी पादचाऱ्यांना वेष्टनातल्या गोळ्या वाटल्या आणि पेट्यांकडे जाणारी हिरवी पावले रंगवल्यावर रस्त्यावर पडणाऱ्या वेष्टनांत ४६ टक्के घट झाल्याचे नोंदवले. खर्च नगण्य, देखभाल सोपी, फोनची गरज नाही. हा पर्याय कोणी नाकारला नाही, पण ‘स्मार्ट’ उपक्रमाच्या निधीत रंगाचा डबा बसवणे प्रशासनाला जड गेले. निधीच्या नावावरून उपाय ठरण्याचा हा प्रकार बऱ्याच कार्यालयांत ओळखीचा वाटेल.

पुरवठादाराच्या एकत्रित प्रस्तावाचे आकर्षण स्पष्ट होते, कारण सगळी जबाबदारी एकाच ठिकाणी राहिली असती. परंतु त्यात दोन अडथळे होते. एक, पेट्यांची माहिती पुरवठादाराच्या प्रणालीत राहणार होती आणि करार संपल्यावर ती कोणत्या स्वरूपात परत मिळेल, हे लेखी नव्हते. दुसरा अडथळा ॲपचाच होता. हातात रिकामा पेला असलेला माणूस पेटी शोधण्यासाठी आधी ॲप उतरवून घेईल, त्याला परवानग्या देईल आणि मग शोध घेईल, ही कल्पना गटातील कोणालाही स्वतःच्या बाबतीत पटेना.

अखेर मिश्र पर्याय निवडला गेला: ॲप न करता साधे वेबपान, जागोजागी क्यूआर कोड, आणि मोजक्याच पेट्यांत भराव मोजणारे संवेदक. पेट्यांची मूळ नोंदवही संस्थेच्याच ताब्यात ठेवायची आणि तिची प्रत ओपनस्ट्रीटमॅप या २००४ साली सुरू झालेल्या खुल्या नकाशावर द्यायची, असे ठरले. त्या नकाशात रस्त्यावरच्या लहान पेटीसाठी व मोठ्या कचरापात्रासाठी वेगवेगळ्या खुणा आधीच आहेत, त्यामुळे नवी वर्गवारी शोधावी लागली नाही आणि इतर नकाशे वापरणाऱ्यांनाही ती माहिती मिळू शकली.

कृती: आधी मोजणी

पहिले काम पायी चालण्याचे होते. घनकचरा विभागाचा एक मुकादम, उद्यान विभागाचा एक माळी आणि नोंद घेणारी एक प्रशिक्षणार्थी अशा तिघांनी संपूर्ण पट्टा पालथा घातला. कागदावरच्या कित्येक पेट्या जागेवर नव्हत्या. त्यांच्या जागी काँक्रीटमध्ये रोवलेले चार गंजके बोल्ट तेवढे उरले होते. उलट, कोणत्याच कागदावर नसलेल्या पेट्याही सापडल्या.

स्थान नोंदवताना लगेच अडचण आली. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनची जीपीएस अचूकता सुमारे ५ मीटर असते, आणि दाट झाडे, इमारती किंवा पूल यांच्या जवळ ती आणखी घसरते. अक्षांशाच्या दशांश चिन्हानंतर पाचवा अंक सुमारे १.१ मीटर दाखवतो, पण फोनने सहा-सात अंक लिहून दिले म्हणून मोजणी तेवढी अचूक होत नाही. मोठ्या वडाखालच्या एका पेटीची खूण नकाशावर नदीच्या पात्रात पडली. पुलाखालच्या पेटीची खूण पुलावर आली, जिथून पेटीपर्यंत पोचायला पायऱ्या उतरून वळसा घालावा लागतो. म्हणून प्रत्येक खूण हवाई छायाचित्रावर हाताने सरकवून दुरुस्त केली आणि सोबत शब्दांत ठिकाण लिहिले: कोणत्या दिव्याच्या खांबाजवळ, कोणत्या बाकाच्या कोणत्या हाताला. हे शब्द तेव्हा केवळ पडताळणीसाठी लिहिले होते. पुढे सगळ्या उपक्रमात तेच सर्वांत उपयोगी ठरले.

मुकादमाच्या आग्रहावरून आणखी काही रकाने वाढले. पेटीच्या तोंडाची उंची, चाकाच्या खुर्चीवरून हात पोचतो का, पेटीपुढे पायरी किंवा दुभाजक आहे का, रात्री उजेड असतो का, आणि ती कोणत्या विभागाची. नकाशावर जवळ दिसणारी पेटी एखाद्याच्या दृष्टीने पोचण्यापलीकडची असू शकते, ही बाब कार्यालयात बसलेल्यांच्या लक्षात आली नव्हती.

निर्णयाचा पहिला टप्पा: कोड कोठे लावायचा

मूळ आराखड्यात क्यूआर कोड पेट्यांवर लावायचे होते. छपाईची मागणी जाण्याच्या बेतात असताना प्रशिक्षणार्थीने साधा प्रश्न विचारला: पेटीवरचा कोड वाचण्यासाठी माणूस पेटीपाशी पोचलेला असला पाहिजे, मग त्याला पेटी शोधून देण्याचा उपयोग काय? त्या एका प्रश्नाने आराखडा बदलला. कोड जिथे कचरा हातात येतो तिथे असायला हवा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या गाड्यांजवळ, बाकांच्या हातांवर, बसथांब्याच्या खांबांवर, पुलांच्या टोकांशी आणि खेळण्याच्या जागेच्या फाटकावर.

या बदलातून एक न मागितलेला फायदाही झाला. प्रत्येक कोडाची जागा ठरलेली असल्याने तो वाचणारा कोठे उभा आहे हे पानाला आपोआप कळते, त्यामुळे फोनचे स्थान मागण्याची गरजच उरली नाही. ब्राउझर स्थानासाठी परवानगी विचारतात आणि सुरक्षित जोडणी नसेल तर स्थान देतच नाहीत. शिवाय अनेक जण अशी विचारणा दिसताच पान बंद करतात. कोडाची जागाच स्थान सांगत असेल तर हे सगळे टळते आणि माणसाच्या हालचालीची माहितीही गोळा होत नाही. ज्यांनी स्वतःहून स्थान दिले, त्यांच्या नोंदीत ते दशांशानंतर तीनच अंकांपर्यंत ठेवले गेले. अक्षांशाच्या हिशेबाने ही जाळी साधारण १११ मीटरची असते. उणिवा शोधायला ती पुरते आणि एखाद्या व्यक्तीचा माग काढायला अपुरी पडते.

पेट्यांवर वेगळ्या रंगाचा दुसरा कोड लावला, पण तो ‘भरली आहे’ किंवा ‘मोडली आहे’ असे कळवण्यासाठी. १९९४ साली जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीने तयार केलेल्या या कोडमध्ये चुका दुरुस्त करण्याच्या चार पातळ्या असतात, आणि सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. ऊन, पाऊस व ओरखडे यांचा विचार करून हीच पातळी घेतली. चिकटपट्टीऐवजी धातूच्या पट्ट्या वापरल्या आणि कोडाखाली पानाचा छोटा पत्ता अक्षरांत छापला, कारण अशा कोडवर कोणी फसवा कोड चिकटवला तर तो ओळखण्यासाठी वाचणाऱ्यापाशी काहीतरी आधार हवा.

निर्णयाचा दुसरा टप्पा: पान काय दाखवेल

पहिल्या मसुद्यात पान उघडताच रंगीत नकाशा आणि त्यावर सर्व पेट्यांच्या खुणा येत होत्या. बैठकीच्या खोलीत तो फार देखणा दिसला. प्रत्यक्ष पायवाटेवर, उन्हात, एका हातात गळणारा पेला आणि दुसऱ्या हातात फोन अशा अवस्थेत, अंगठ्याने नकाशा सरकवणे जमत नव्हते. मग क्रम उलटा केला. आधी जास्तीत जास्त तीन पेट्यांचे वर्णन शब्दांत, जसे ‘पुलाकडे तोंड करून चाला, डाव्या हाताला दुसऱ्या दिव्याच्या खांबापाशी’. नकाशा त्याखाली, हवा असेल तरच उघडणारा. मोजणीच्या वेळी लिहिलेले शब्द येथे कामी आले. मंद जोडणीवरही पान चटकन उघडू लागले आणि दृष्टिहीन व्यक्तींना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनांवरही ते नीट चालू लागले.

अंतराचा हिशेबही बदलावा लागला. सरळ रेषेत सर्वांत जवळची पेटी अनेकदा नदीच्या पलीकडची निघे. चालण्याच्या वाटेने अंतर मोजल्यावर यादी बदलली आणि काही पेट्या, ज्या कागदावर मध्यवर्ती वाटत होत्या, त्या फारशा कोणालाच जवळच्या नाहीत असे दिसले.

निर्णयाचा तिसरा टप्पा: भरलेली पेटी दाखवावी का

गटात सर्वांत जास्त मतभेद याच प्रश्नावर झाले आणि त्याचे समाधानकारक उत्तर अजूनही मिळालेले नाही, असे माझे मत आहे.

संवेदक झाकणाच्या आतल्या बाजूला बसतो आणि ध्वनिलहर खाली सोडून तिचा प्रतिध्वनी परत यायला लागणारा वेळ मोजतो. २० अंश सेल्सिअस तापमानाला हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटर खोल रिकाम्या पेटीत प्रतिध्वनी साधारण ६ मिलिसेकंदांत परत येतो. कचरा जितका वर, तितका हा वेळ कमी. तत्त्व साधे आहे, पण कचरा समतल नसतो. तोंडाशी आडवा अडकलेला एक खोका, हवा भरून फुगलेली पिशवी किंवा झाकणाला चिकटलेला कागद, यांपैकी काहीही असले तरी संवेदक पेटी भरल्याचे सांगतो. उलट, कचऱ्याचा डोंगर एका कोपऱ्यात असेल आणि लहर मधल्या खळग्यात गेली तर ओसंडणारी पेटीही अर्धी दिसते. त्यात बॅटरी वाचवण्यासाठी मोजणी सतत न होता ठराविक अंतराने होते आणि लोखंडी पेटीच्या आतून रेडिओ संदेश बाहेर पडताना क्षीण होतो. एका पेटीचा संदेश झाकण उघडे असतानाच पोचत असे, म्हणजे ती रिकामी केली जात असतानाच. त्यामुळे प्रणालीच्या मते ती पेटी कधीच भरत नव्हती.

एका बाजूचे म्हणणे असे होते की भरलेली पेटी यादीतून काढून टाकावी, नाहीतर माणूस तिथे जाऊन फसेल आणि पान पुन्हा उघडणार नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की संवेदक चुकला तर चांगली पेटी लपून राहील आणि लोक विनाकारण लांब जातील. तिसरी, उघडपणे न बोललेली, भीती अशी होती की ‘भरलेली’ हा शब्द दिवसभर पानावर दिसत राहिला तर रिकामी करणाऱ्या विभागाचे पितळ उघडे पडेल. शेवटी तडजोड झाली. पेटी लपवायची नाही. लागोपाठ दोन मोजण्यांत भराव जास्त आढळला तर ‘भरत आली आहे’ असे लिहायचे आणि लगेच खाली पुढची पेटी सुचवायची. संवेदक नसलेल्या पेट्यांबाबत काहीच लिहायचे नाही. ही तडजोड व्यवहार्य होती, परंतु शब्दयोजना विभागाची अब्रू राखण्यासाठी सौम्य केली गेली हे नाकारता येत नाही. ओसंडणाऱ्या पेटीला ‘भरत आली आहे’ म्हटलेले पाहून काही वापरकर्त्यांनी कळवणीच्या रकान्यात आपला राग मोकळा केला.

फलित

रोज येणाऱ्यांनी पान फारसे वापरले नाही. त्यांना पेट्या ठाऊक होत्या. जास्त वापर केला तो बाहेरून आलेल्यांनी, लहान बाळांसोबत आलेल्या पालकांनी आणि कुत्र्यांना फिरवणाऱ्यांनी, म्हणजे ज्यांच्या हातातली वस्तू खिशात ठेवता येत नाही अशांनी. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या एका नियमित अभ्यागताने पोचता येण्याजोग्या पेट्यांच्या रकान्यातील दोन चुका कळवल्या, आणि त्या दुरुस्त झाल्या.

खरा उपयोग वेगळ्याच दिशेने झाला. कोणता कोड किती वेळा वाचला गेला आणि तिथून सर्वांत जवळची पेटी किती लांब होती, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावर उणिवांचा नकाशा तयार झाला. बसस्थानकाच्या मागच्या दाराबाहेर आणि एका पुलाच्या पूर्वेकडच्या टोकाशी शोध सर्वाधिक होते आणि पेटी सर्वांत दूर होती. घनकचरा विभागाने एकही नवी पेटी न घेता कमी वापराच्या ठिकाणच्या पेट्या उचलून तिथे आणल्या. फेरीतले थांबे वाढले नाहीत, फक्त जागा बदलल्या. जिथे पेटी हलवली तिथे उघड्यावरचा कचरा कमी झाला. जिथे केवळ कोडाची पट्टी लावली तिथे फरक जेमतेम जाणवला.

यानंतर एक गमतीदार पेच निर्माण झाला. पेटी योग्य जागी आल्यावर तेथील कोड वाचणारेच उरले नाहीत, कारण पेटी समोर दिसत होती. मासिक अहवालात वापराचा आलेख खाली आला आणि वरिष्ठांनी उपक्रम थंडावल्याचा शेरा मारला. वापर घटणे हेच येथे यश होते, हे समजावून सांगायला एक स्वतंत्र बैठक घ्यावी लागली. अहवालात वाचनांच्या संख्येसोबत ‘पेटीपर्यंतचे चालण्याचे अंतर’ हा रकाना आल्यावर गोंधळ निवळला.

माहिती ताजी ठेवण्याची व्यवस्था मात्र सुरुवातीला कोसळली. सफाई कर्मचाऱ्यांना फोनवर एक लांबलचक तक्ता भरायला दिला होता. हातमोजे घालून, गाडी थांबवून तो कोण भरणार? काही आठवड्यांत नोंदी थांबल्या आणि दुरुस्तीच्या कामासाठी हलवलेल्या पेट्या पानावर जुन्या जागीच दिसत राहिल्या. नंतर तक्ता रद्द करून ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘हलवली’ अशी तीन मोठी बटणे दिली, आणि बटण दाबताच तपासणीची तारीख नोंदवहीत आपोआप उतरू लागली. नोंदी पुन्हा सुरू झाल्या. ज्या पेटीची बराच काळ तपासणी झालेली नाही ती यादीत खाली जाईल, अशीही सोय केली.

वेगळे काय करता आले असते

तिन्ही विभागांच्या पेट्या आधी एकाच रंगात रंगवायला हव्या होत्या. लांबून पाहिल्यावर ‘ही कचरापेटी आहे’ हे ओळखू आले असते तर शोध घेण्याची निम्मी गरज तेव्हाच संपली असती, असे मला वाटते. रंगाचा खर्च कोणत्या विभागाने करायचा यावर एकमत न झाल्याने हे काम मागे राहिले, आणि संवेदक मात्र आले.

मोजमापाची आखणी कच्ची होती. पेट्या हलवण्याच्या सुमारासच बसस्थानकाबाहेर पावलांच्या खुणाही रंगवल्या गेल्या, कारण एका उत्साही अधिकाऱ्याने त्यासाठी वेगळा निधी मिळवला होता. त्यामुळे तेथील सुधारणा कशामुळे झाली हे वेगळे सांगता येत नाही. आधी फक्त पेटी हलवून मोजणी, मग खुणा रंगवून मोजणी, आणि एखादा तुकडा मुद्दाम जसाच्या तसा ठेवून त्याच वेळी मोजणी असा क्रम ठेवला असता तर पुढच्या पट्ट्यासाठी निर्णय सोपा झाला असता. सुटीचा दिवस व कामाचा दिवस यांची सरमिसळही टाळता आली असती.

संवेदकांची संख्या आणखी कमी ठेवता आली असती. पेटी केव्हा भरते हे मुकादमाला अनुभवाने ठाऊक होते. संवेदकाने बहुतेक ठिकाणी त्याचेच म्हणणे खरे असल्याचे दाखवले. त्यांचा खरा उपयोग झाला तो वर्दळीचा अंदाज न येणाऱ्या दोन ठिकाणी, क्रीडांगणाच्या फाटकाशी आणि बसस्थानकाबाहेर. खरेदीपूर्वी त्याच्याशी तासभर बोलून कोणत्या पेट्यांचा भरवसा नाही एवढे विचारले असते तर ही दोन ठिकाणे तेव्हाच कळली असती. कराराचे नूतनीकरण करताना संस्थेने याच दोन ठिकाणचे संवेदक ठेवले आणि बाकीचे परत केले. माहिती संस्थेच्या ताब्यात असल्याने पान चालू राहण्यात काही अडचण आली नाही. पुरवठादाराचा मूळ प्रस्ताव स्वीकारला असता तर हे इतके सहज झाले नसते.

एक त्रुटी हे लिहिताना अर्धवट दुरुस्त झालेली आहे. बागेची फाटके रात्री बंद होतात, पण पान मात्र बागेच्या आतली पेटीच सर्वांत जवळची म्हणून सुचवत राहते. वेळेचा रकाना नोंदवहीत वाढवला आहे. फाटकांच्या ऋतूनुसार बदलणाऱ्या वेळा त्यात भरण्याचे काम उद्यान विभागाकडे आहे.